गुंजभर

रिचलंड सोडलं की दिवे संपतात.
मग सेजची खुरटी झुडपं, वाळू, वारा,
आणि वाळवंटात काटकोनात पसरलेले
चार-चार किलोमीटरचे दोन हात.
दोन्हींची लांबी सारखीच आहे ना,
एवढंच रात्रंदिवस मोजत.

माझं काम कचरा ओळखायचं.
हा ट्रक, दोनशे चाळीस नंबरच्या रस्त्यावरचा.
ही पॅसिफिकची लाट, डोंगरांपलीकडे किनाऱ्यावर आपटलेली.
आणि हा डोमकावळा, तहानलेला,
नळीवरचं बर्फ फोडतोय. टक. टक. टकटक.
वेंडेल म्हणतो, पुढच्या शोधनिबंधात
त्याचंही नाव घालू.

आईनं आयुष्यभर हेच केलं.
गुजरीतली दुकानं उघडायच्या आत
गटारीपाशी बसायची, ब्रश, सुपली, पत्र्याचा डबा.
सोनारांच्या पायांची धूळ, कानशीचा कीस, केस,
पानाच्या पिंका, सगळं पाटीत.
पाटी डुलवायची, पाणी सांडू द्यायचं,
जड ते तळाला राहतं, यावर भरवसा ठेवायचा.
पाढ्यांआधी तिनं मला शिकवलं :
आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा.
तोळ्यापर्यंत आमचा हिशेब
कधी गेलाच नाही.

गुरुवारी पहाटे तीननंतर
पडद्यावर एक रेघ उठली,
इतकी खालून की मला वाटलं, पंप.
मग वर. सावकाश वर.

दोन मेलेले तारे,
एकेक गुजरीपासून हुपरीपर्यंत मावेल एवढा
आणि सूर्याहून जड.
कोट्यवधी वर्षं एकमेकांभोवती,
दर फेरीला केसभर जवळ,
आणि आता सेकंदाला वीस फेऱ्या, पन्नास, दोनशे –
सोनार जंत्रीतून तार ओढतो,
एका भोकातून दुसऱ्या, बारीक, अजून बारीक,
तसा सूर चढत गेला हेडफोनमध्ये
आणि तुटला.
खाली नेहमीची खरखर.

"ट्रक?" वेंडेलनं विचारलं.
ट्रक नाही.
"कावळा?"
कावळा झोपलाय.

लुइझियानातलं यंत्र नेमकं दुरुस्तीला काढलेलं.
एकाच कानानं दिशा कळत नाही.
चिलीतल्या दुर्बिणींना आम्ही अर्धं आकाश दिलं, म्हटलं, शोधा.
तिकडे ढग.
नऊ रात्री शोधून
त्यांनी नम्र भाषेत कळवलं, काही नाही.

अशा एका टकरीत म्हणे
कित्येक पृथ्व्यांच्या वजनाचं सोनं उधळतं.
आमच्या हाती आलं एक मिनिट, वर थोडे सेकंद.
आरसा हलला तो
अणूच्या गाभ्याच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी.

रविवारी आईला फोन केला.
सोनं होताना ऐकलं, म्हटलं.
"किती?"
गुंजसुद्धा नाही गं. गुंजारव तेवढा.
ती गप्प. मागे कुणीतरी बादली भरत होतं.
"गाळ फेकलास?"
नाही. इथे सगळा ठेवतात, वर्षानुवर्षं.
"मग कशाला रडतेस?
सासूबाईंनी तीनदा धुऊन टाकलेल्या गाळात
मला चमकीची फिरकी सापडली होती.
तुझ्या कानात काय आहे मग?"

मी रडत नव्हते. तिला सर्दीही रडण्यासारखी ऐकू येते.

सकाळी बाहेर पडले तर
वाऱ्यानं रात्रीत वाळकी काटेरी झुडपं लोळवत आणून
एक अख्खा हात पुरला होता.
माणसं दाताळी घेऊन उपसत होती,
आणि त्यातला एकेक दणका
आत, पडद्यावर, उमटत असणार.
उद्या मी तो ओळखेन : दाताळं, मंगळवार, सकाळचे आठ.

गाडीपाशी बूट झटकायला वाकले,
आणि थांबले.
तशीच बसले आत, वाळूसकट.